झोपेतल्या पट्ट्या

गवतात न कापलेल्या पट्ट्या राहिल्या म्हणजे ड्रायव्हर झोपला. हा न्याय साहेबांनी खुर्चीवरून न उठता केला. आणि ड्रायव्हरने मान डोलावली.

ड्रायव्हर म्हणजे मिस्तरणीचा नवरा. गोल्फच्या मैदानामागे शेड होती. तिथे ती गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायची आणि त्यातलं सगळ्यात नाजूक यंत्र तो चालवायचा. यंत्राच्या पोटाखाली पात्यांची तीन रिळं, ती फिरायची तेलाच्या दाबावर. चेंडू ज्या भोकात पडतो त्याच्या भोवतीचं गवत त्याने पहाटे, धुकं उठायच्या आत, गालिच्यासारखं भादरायचं. एकट्याने. या कामावर त्याचा जीव होता. माणूसच तंद्रीतला. भाजीत मीठ नव्हतं हे त्याला ताट धुताना कळायचं, तेही बायकोने सांगितलं तर. सोबतचे त्याला पेंगूळ म्हणत आणि तो निमूट ओ देई.

म्हणून तर सगळ्यांना पटलं. बायकोला सगळ्यात आधी. तिने शेडमध्ये मशीनला गेज लावला होता. दाब बरोबर, खाली तेलाचा थेंब नाही, रिळं भिंगरीसारखी. मशीनमध्ये दोष नाही, असं तीच साहेबांना सांगून आली. मग दोष कुठे जाणार? नवऱ्याच्या गळ्यात. सोमवारपासून मशीनवर दुसरा आणि पेंगूळ वाळूच्या खड्ड्यांत, दाताळं ओढायला.

चूक तिची होती. शिकाऊ करतो तीच, आणि उस्तादही तीच करतो: मशीन थंड असताना तपासलं. थंड मशीन म्हणजे साहेबांपुढचा कारकून. काहीही विचारा, सगळं ठीक आहे म्हणणार.

हे तिला कळलं ते त्याच दुपारी जेवताना, शेडच्या मागे, उलट्या पिंपांवर बसून. तो तक्रार करत नव्हता. नुसतं स्वप्न सांगत होता. सुरुवातीला म्हणे डोळे लख्ख असतात. मग ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं की झोप येते. आधी मशीनचा आवाज बारीक होतो, खोल विहिरीत कुणी रडावं तसा. मग सगळं सावकाश. पाती एकेक करून मोजता येतील इतकी सावकाश. गवत पात्यांखालून अंग चोरून जातं आणि मागे उभं राहतं, जसंच्या तसं.

"मग मी दचकून मागे बघतो, तर पट्टी. म्हणजे झोपलोच की गं."

तिचा घास हातातच राहिला.

"आवाज बारीक होतो? कण्हल्यासारखा?"

"स्वप्नातच गं."

"अहो, स्वप्नात पंप कण्हत नाही."

त्याला पटेना. तू बायको आहेस, तू असंच म्हणणार, असं म्हणून त्याने डबा बंद केला. माणसाला रोज झोपाळू म्हणत राहा, एक दिवस तो स्वतःच्या उघड्या डोळ्यांची साक्षही मानत नाही. साहेबलोकांना याहून स्वस्त दुरुस्ती ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतः मशीनवर बसली. मैदानाच्या मागे सरावाचा एक तुकडा होता, तिथे गवत बिघडलं तरी कुणाचं काही जात नव्हतं. त्याला सांगितलं, तुम्ही मागे चाला, माझ्याकडे बघू नका, गवताकडे बघा.

धुक्यात दोघंच. तुकडा संपायचा, वळायचा, पुन्हा सुरू व्हायचा. कापलेल्या गवताचा ओला वास जड होऊन खाली बसत होता. झाडं कधी होती, कधी नव्हती. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. जमीनच हलते आहे आणि मशीन उभं आहे, असं तिलाही वाटायला लागलं. मग शेंड्यांवर ऊन आलं, आणि तिच्या पायांखालून तो आवाज उठला. बारीक. विहिरीतला.

मागे तो थांबला होता. वाकून त्याने तळहात गवतावर ठेवला. हातभर लांबीची पट्टी उभी होती, टोकं न दुखावलेली.

"झोपलीस काय गं?"

तिने हसू दाबलं. इंजिन चालूच ठेवलं, झाकण उचललं आणि त्याला जवळ बोलावलं. टाकीतून पंपाला तेल पुरवणारा जाड काळा पाइप. बाहेरून कोरडा, धडधाकट. पण आत्ता दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखा आत ओढलेला. आतून कुजलेला होता. थंड असताना ताठ राहायचा, तापला की मऊ पडायचा. पंप ओढायला लागला की तो मिटायचा, उपाशी पंप कण्हायचा आणि रिळं मंदावायची.

त्याने वाकून पाइप निरखला.

"आणि बंद केलं तर?"

"फुगेल. पुन्हा साळसूद. साहेबांना आत्ताच आणायला हवं, गरम आहे तोवर. तुम्ही इथे थांबा, मी जाते."

"तू थांब मशीनपाशी," तो म्हणाला. "मी जागा होतो. हे मीच सांगणार."

आणि तो निघाला. मैदानाला वळसा घालून नाही, तर सरळ मधून, ज्या गवतावर बूट घालून जायला कामगारांना मनाई होती त्यावरून. धुक्यात तो दिसेनासा झाला. दवावर मात्र त्याची पावलं उमटत गेली, काळी, ठसठशीत, लांब लांब टाकलेली.