थॉर्नगिलची वाट

मित्रांनो, मी पूल आहे, जुना आणि ठेंगणा. ओढ्यावर आडव्या टाकलेल्या तीन लांब शिळा, एवढाच माझा पसारा. उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नगिल वाडीच्या माणसांनी मला डोंगरावरून ओढत आणून इथे बसवले.

थॉर्नगिल म्हणजे मूठभर दगडी घरे. वर वाऱ्याचा उघडा माळ, खाली ओढा, मध्ये मेंढ्यांची कुरणे. डोंगरात शिसे सापडले तेव्हा वाडी गजबजली. खाण आटली तशी तरुण माणसे गिरण्यांकडे गेली. वाडीला चर्च नाही. म्हणून नवरानवरी माझ्यावरूनच पलीकडच्या गावी जात, आणि मयतेही.

मग कॅप्टन ड्यूहर्स्ट यांनी पलीकडचा माळ शिकारीसाठी विकत घेतला. वर्दळीने पक्षी बुजतात म्हणून माझ्या पलीकडच्या तोंडाशी साखळी लावली. वाडीकर कुरकुरले आणि लांबचा वळसा घालू लागले. माझ्यावर शेवाळ चढले. वाट अशी मुकाट सोडली म्हणून मला वाडीकरांचाच राग आला!

त्या मार्चमध्ये म्हातारा एनॉक ऑल्डरसन वारला. त्याची बायको हेप्झिबा शवपेटीच्या पुढे चालत थेट माझ्याकडे आली. साखळीपलीकडे कॅप्टनसाहेब घोड्यावर होते.

"बाई, वळसा घाला. ही जमीन माझी आहे."

"जमीन तुम्ही परवा घेतलीत, साहेब. वाट आमच्या पणज्यांची आहे."

"साखळी निघणार नाही."

"नका काढू." ती मागे वळली. "टेकवा रे एनॉकला इथंच."

पेटी माझ्या पाठीवर ठेवली. हेप्झिबा शेजारी बसली आणि पिशवीतून लोकर काढून मोजा विणू लागली. "आम्हाला घाई नाही. एनॉकला तर आता मुळीच नाही."

सारी वाडी येऊन बसली. गारा पडू लागल्या, तरी कोणी हलेना.

"रँडल, हाकल यांना!" साहेब रखवालदारावर ओरडले.

रँडल याच वाडीत वाढलेला. त्याने टोपी काढली. "साहेब, मी लहानपणी या ओढ्यात बुडत होतो. एनॉककाकांनी बाहेर काढलं. त्यांना हाकलू?"

त्याने साखळी सोडली आणि पेटीला खांदा दिला.

रँडलची नोकरी गेली. वाडीने त्याला आपापल्या कळपांतल्या मेंढ्या काढून दिल्या. साखळी पुन्हा लागली, तेव्हा हेप्झिबा पुन्हा येऊन बसली, सगळ्यांना घेऊन. शेवटी साहेबच थकले.

आता वाडीत थोड्याच घरांतून धूर निघतो. पाहुणे येतात, माझा फोटो काढतात आणि गाडीत बसून निघून जातात. मित्रांनो, मला कौतुक नको. कुंपण घालून मला जपूही नका. बूट चिखलाने भरू द्या आणि माझ्यावरून चाला. मी अजून जागचा हललेलो नाही. तुम्ही तेवढे या.