'जगतपुरा जलसा'ची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि माझी काळी चार मुकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर नाक मुरडायचं नाही.

माझा जन्म अकोल्याचा. माझा मालक जनार्दन रेल्वेत होता, त्याची बदली झाली तेव्हा त्याने मला मांडीवर घेऊन जयपूरला आणलं. भीमजयंतीला रेल्वे कॉलनीत तो मला वाजवायचा आणि त्याचा लहानगा संकल्प गायचा. "जनार्दनभाऊ, काय गळा आहे हो पोराचा!" असं लोक म्हणाले की मलाही फार बरं वाटायचं.

संकल्प मोठा झाला. आपल्याला मुलगे आवडतात, हे त्याने घरात फक्त आईला, द्वारकाला सांगितलं. मग ढोलकी वाजवणाऱ्या सुरुचीला घेऊन त्याने बँड काढला, जयपूरच्या जगतपुरा वस्तीवरून नाव ठेवलं 'जगतपुरा जलसा'. सुरुचीचंही एका मुलीवर प्रेम होतं. आपल्या मनातलं ते गाऊन आणि नाटक करून सांगत. संकल्प नऊवारी नेसायचा, नथ घालायचा. सुरुची मिशी रंगवून फेटा बांधायची. मला तर मेल्यांनी अंगभर टिकल्या चिकटवल्या! मी चिडले होते. पण कॅफेंत, कॉलेजांत, पार उदयपूर-अजमेरपर्यंत पोरंपोरी डोळे पुसत पुन्हा तेच गाणं मागायची, तेव्हा म्हटलं, असू देत टिकल्या.

एकदा संकल्पने धीर करून वडिलांना कार्यक्रमाला बोलावलं. "बाबा, शेवटपर्यंत बसा हं. मतलब, जमलं तर."

जनार्दन इस्त्रीचा शर्ट घालून आला, द्वारकासोबत पहिल्या रांगेत बसला. नऊवारीतला मुलगा समोर आला आणि जनार्दनचा चेहराच उतरला. दोन गाणी कशीबशी ऐकली, मग उठून बाहेर स्कूटरवर जाऊन बसला. द्वारका तेवढी थांबली.

घरी तो एवढंच म्हणाला, "माझी पेटी ठेवून दे."

संकल्पने मला ठेवलं आणि गाणंही सोडलं. "अरे, कीबोर्ड घेऊ की!" सुरुचीने परोपरीने समजावलं. तो ऐकेना. बँड मोडला. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, आता सणावारालाही येत नाही. मी जनार्दनच्या प्रताप नगरच्या घरात कपाटावर पडून राहिले. भात्याला कसर लागली. फार एकटं वाटायचं हो.

परवा जनार्दनने मला खाली काढलं आणि नखाने टिकल्या खरवडू लागला.

"राहू द्या त्या," द्वारका म्हणाली. "त्या दिवशीचं शेवटचं गाणं तुमच्यावर होतं."

"माझ्यावर?"

"बाबांनी मला सूर दिला, अशी ओळ होती. पुढचं नाही आठवत."

तिने ती ओळ गुणगुणली, त्याने ती माझ्यावर वाजवली. पुढे दोघंही अडले. ते गाणं कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. त्याने फोन लावला.

"संकल्प, ते माझ्यावरचं गाणं... जरा म्हणतोस का?"



"विसरलो, बाबा."

जनार्दनने फोन खाली ठेवला आणि माझ्यावर डोकं टेकून रडला.

मित्रांनो, पेटीला ऊन दाखवा, भाता पुसा, ते तर कराच. पण घरातलं कुणी गायला उभं राहिलं, तर पटो न पटो, त्याचं शेवटचं गाणं होईपर्यंत जागचे उठू नका.