टाकीपासून पुलापर्यंत

"डावीकडून घ्या. आता जरा उजवीकडे. थांबा, पुढे गटाराचं झाकण खचलंय."

रिक्षावाला हसला. "खड्डे तोंडपाठ आहेत की तुम्हाला!"

मागच्या सीटवर, वाट सांगणाऱ्या मुकादमाच्या मांडीवर डोकं ठेवून त्याची ताई आडवी झाली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन आजच घरी निघाली होती. धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. अँब्युलन्स मिळाली नव्हती. झोपल्या जागेवरून तिला फक्त रिक्षाचं छत दिसत होतं, पण भावाचं कौतुक करायला तेवढं पुरे होतं.

"पाठ असणारच. रस्ता खात्यात मुकादम आहे तो," ती म्हणाली. "टाकीपासून पुलापर्यंतचा रस्ता याच्याकडे. तिथं बघा, पोटातलं पाणी हलायचं नाही."

"हो का?" रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. रोज तिथूनच रिक्षा हाकणारा माणूस तो. मुकादमाने मान खाली घातली.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. वॉर्डातल्या नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना तिचं "माझा भाऊ रस्ते करतो" हे ऐकवून झालं होतं. तोही ऐकून घ्यायचा. सुखावायचा, खोटं कशाला बोला?

टाकी आली. मधल्या दुभाजकापलीकडची बाजू गुळगुळीत होती, कारण मागच्या महिन्यात मंत्र्यांचा ताफा तिकडून येणार होता. पाहुणे ज्या बाजूने येतात तेवढी भरायची, ही खात्याची जुनी रीत. ती बाजू भरली त्या दिवशी डांबर उरलं होतं, गरमही होतं. या बाजूचे मोठे खड्डे तरी बुजले असते. माणसं दमली होती, त्यालाही घरी जायचं होतं. "उद्या बघू," तो म्हणाला होता. ते डांबर गाडीतच थिजलं. आणि उद्या कुणी बघितलं नाही, त्यानेही नाही.

रिक्षा खड्ड्यात आदळली. ताई कळवळली. त्याचा हात तिने इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"हळू हो, हळू!" तो रिक्षावाल्यावर ओरडला आणि ओरडताच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"किती हळू घेऊ, मुकादम? चुकवायला जागा तर पाहिजे."

दुसरा धक्का बसला. ताईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले होते. मग दमाने विचारलं, "टाकी आली का रे? तुझा रस्ता लागला की जरा बरं वाटेल."

मुकादमाने आरशात पाहिलं. रिक्षावाला त्याच्याकडेच बघत होता.

"अजून नाही, ताई. पुढे आहे."

रिक्षावाल्याने रिक्षा अगदी पायी चालल्यासारखी हळू केली.

"बरं," ताई म्हणाली, आणि डोळे मिटून टाकीची वाट बघत राहिली.