वी रिफ्यूज रेफ्यूस

तारामतीबाई सरपंच झाल्यापासून त्यांच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती. पण लातूरच्या बैठकीत त्या चारी मुंड्या चीत झाल्या. शेजारच्या शहराचा कचरा जळकोटकडच्या त्यांच्या गायरानात टाकायचा घाट होता. बाईंनी घसा बसेस्तोवर विरोध केला. नवे जिल्हाधिकारी साहेब ओडिशाचे, मराठी कच्चं. शहराच्या नगरपालिकेच्या कारकुनानं ते सगळं इंग्रजीत एका ओळीत उरकलं: रस्ता करून दिला तर गावाची हरकत नाही. इतिवृत्त हाती आलं तेव्हा बाईंना हे कळलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेवटच्या सुनावणीला मीच इंग्रजी बोलणार," त्यांनी जाहीर केलं.

सून शिल्पा शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं तीन शब्दांचं वाक्य दिलं: वी रिफ्यूज रेफ्यूस. आम्ही कचरा नाकारतो.

"दोन्हींचं स्पेलिंग एकच हाय, मामी. सुरुवातीला जोर दिला की कचरा, शेवटाला दिला की नकार."

"आन जोर चुकला तर?"

"तर तुम्ही साहेबाला सांगून येताल, आम्ही कचरा."

बाई हबकल्याच. इंग्रजी भाषा मोठी द्वाड; अक्षरं तीच ठेवते आणि माणसाला उकिरड्यावर बसवते. पण बाईही काही कमी नव्हत्या. भाकरी थापताना त्यांना युक्ती सुचली. 'रि' हलकं, 'फ्यूज'ला दणका. लगेच 'रे'ला दणका, 'फ्यूस' हलकं. दोन दणके पाठोपाठ. चार भाकरी फाटल्या, पण वाक्य बसलं. शेजारच्या गंगम्माही धुणं आपटताना तेच म्हणू लागल्या. सगळ्या गावाला त्या तीन शब्दांचं वेडच लागलं.

सुनावणीला बाई उभ्या राहिल्या. कारकून भाषांतराला सरसावून बसलेला. बाईंनी टेबलावर तळहात ठेवला.

"वी रि-फ्यूज," एक थाप. "रे-फ्यूस," दुसरी थाप.

साहेबांनी चटकन मान वर केली. कारकून घाईनं म्हणाला, "सर, त्यांचं म्हणणं असं आहे की..."

"कळलं मला," साहेब म्हणाले, तेही मराठीत. मग जुनं इतिवृत्त त्याच्यापुढं सरकवून त्यांनी विचारलं, "मग हे कोण बोललं होतं?"

कारकून उगाच पानं चाळू लागला. साहेबांनी प्रस्तावावर आडवी रेघ मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "कॅन्सल."

मागं बसलेल्या गावच्या बायांनी एकच गलका केला. तारामतीबाईंना आनंदानं रडू फुटलं. डोळे पुसत त्या शिल्पाच्या कानाशी लागल्या.

"अगं, कॅन्सलमधी जोर कुठं द्यायचा? गावात जाऊन सांगायचंय मला."

"कुठंबी द्या, मामी," शिल्पा म्हणाली. "ह्याचा अर्थ न्हाई बदलत."