गव्हातलं घर

फेब्रुवारी उजाडला तरी बर्फाचा पत्ता नव्हता. दक्षिण एस्टोनियातल्या त्या टेकड्यांमध्ये डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमीन दिसत नाही, ही लहानथोरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. त्या वर्षी मात्र जमीन रोज दिसत होती. काळी, ओली, बुटांना चिकटणारी. तळं गोठलं नाही म्हणून बर्फाला भोक पाडून मासे धरणारे पुरुष घरात बसून बायकांची बोलणी खात होते. स्की भाड्यानं देणाऱ्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि तो फिनलंडला भावाकडे सुतारकामाला निघून गेला.

उर्वेची अडचण वेगळी होती. उर्वे गावातली फोटोग्राफर, बावन्न वर्षांची. शाळेचे वर्गफोटो, ओळखपत्रांचे फोटो, लग्नं आणि हल्ली लग्नांपेक्षा अंत्यविधीच जास्त. पंचायतीनं जुनं सभागृह नव्यानं बांधून काढलं होतं आणि त्याच्या लांब भिंतीवर चार ऋतूंचे चार मोठे फोटो लावायचं ठरलं होतं. चारही तेद्रे टेकडीवरच्या एकाच जागेवरून काढलेले, प्रत्येक फोटो तीन मीटर रुंद. वसंत, उन्हाळा, शरद तयार होते. हिवाळा गेल्या वर्षीच व्हायचा, पण तेव्हा उर्वे स्वतःच्या दारातल्या बर्फावरून घसरली आणि दोन महिने पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसली. तिच्याकडे जुने बर्फाचे फोटो होते, पण ते लहान कॅमेऱ्यावरचे. तीन मीटरला ताणले की झाडांचा नुसता भुसा दिसायचा.

पंचायतीत सांस्कृतिक कामं बघणारा काउपो दर सोमवारी फोन करायचा. तो शाळेत असताना त्याचे वर्गफोटो उर्वेनंच काढले होते.

"उर्वे, हिवाळ्याचं कुठवर आलं?"

"आला की कळवते."

"अहो, हिवाळ्याचं नाही, फोटोचं विचारतोय."

"हिवाळा आल्याशिवाय फोटो कशाचा काढू?"

"संगणकावर थोडं पांढरं मारता येणार नाही का? माझा मेहुणा करतो तसलं."

"मग मेहुण्यालाच सांग. म्हणावं, झाडांवर मार, छपरांवर मार, आणि उरलं तर माझ्या डोक्यावर मार."

काउपो हसला, पण त्याच्या आवाजात काळजी होती. चोवीस तारखेला, स्वातंत्र्यदिनी, उद्घाटन. जिल्ह्यातून पाहुणे यायचे होते. भिंतीवर तीनच ऋतू बघून ते काय म्हणतील, असं त्याला वाटत होतं.

उर्वे आठवड्यातून तीन-चारदा पहाटे टेकडीवर जायची. गाडी लावायची ती टेकडीच्या पायथ्याच्या दुमजली इमारतीपुढे. सामुदायिक शेतीच्या काळात कामगारांसाठी बांधलेली ती इमारत. तळमजल्यावर हेल्यूमावशी राहायची. वय एकोणऐंशी, तीस वर्षं गोठ्यात दूध काढून बोटं वाकडी झालेली. गाडीचा आवाज आला की ती खिडकी उघडायची.

"सापडला का गं हिवाळा?"

"नाही हो मावशी."

"टेकडीमागं बघितलंस का? लाजून लपला असेल."

उर्वे खाली उतरली की ती तिला कॉफीला बोलवायची. काळा पाव, शहाजिरं घातलेलं घरचं चीज आणि गावभरच्या चौकशा. स्वतःबद्दल मावशी फारसं बोलायची नाही. लहानपणी काही वर्षं सायबेरियात काढली, हे उर्वेला माहीत होतं, पण त्या वयाच्या निम्म्या माणसांबद्दल ते खरंच होतं. त्यापुढे कधी विषय निघाला नव्हता.

नऊ तारखेला रात्रीतून पारा शून्याच्या खाली दोन अंश गेला. उर्वे आशेनं वर चढली. बर्फ नव्हताच. गवताच्या टोकांवर गोठलेल्या दवाचं पांढरं पीठ शिंपडल्यासारखं झालं होतं आणि तेही सूर्य वर येताच विरायला लागलं. समोर सगळं हिरवं. सप्टेंबरात पेरलेला गहू एरवी बर्फाखाली निजून राहतो. यंदा थंडीच नाही म्हणून तो वीतभर वाढला होता. फेब्रुवारीत असलं हिरवं बघून उर्वेला चीडच आली. वर आलोच आहोत, हात गोठलेच आहेत, म्हणून तिनं तिपाई रोवली आणि आठ-दहा फोटो काढले. मग खिडकीतल्या चौकशीलाही न थांबता घरी गेली.

दुपारी ती फोटो पडद्यावर मोठे करून बघत होती. धारदार आले होते. गव्हाच्या मोठ्या शेताच्या वरच्या अंगाला, रस्ता वळतो तिथं, तिला काहीतरी खटकलं. आधी तिला वाटलं, काचेवर डाग आहे. पण दहाही फोटोंत ते तिथंच होतं. हिरव्यात फिकट पिवळ्या रेघा होत्या. सरळ, काटकोनात वळलेल्या. एक लांबट चौकोन, त्यात दोन आडव्या रेघा. बाजूला छोटा चौकोन. त्याच्यापासून थोडं दूर एक गोल. आणि रस्त्यापासून चौकोनाकडे जाणारी एक पट्टी.

उर्वेनं डोळे चोळून परत पाहिलं. रेघांवर गहू विरळ होता. म्हणजे खाली दगड असणार. उन्हाळ्यात गहू कमरेएवढा होऊन सगळं झाकतो आणि हिवाळ्यात बर्फ. आखूड हिरवा गहू आणि त्यावर तिरपं ऊन असं एकत्र कोण बघणार? निदान तिनं तरी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो भाग मोठ्या कागदावर छापला आणि मावशीकडे नेला. मनात एवढंच, की ही जुनी बाई, हिला ठाऊक असेल तिथं काय होतं. कोठार असेल, नाहीतर दूधकेंद्र.

मावशीनं टेबलावरचा पाव बाजूला सारला, चष्मा लावला, कागद पाहिला. मग उठून खिडकीतून भिंग आणलं. बराच वेळ भिंग त्या रेघांवरून फिरत राहिलं. कॉफीवर साय धरली.

"मावशी?"

"थांब."

तिनं वाकडं बोट त्या गोलावर ठेवलं.

"ही विहीर," ती म्हणाली. "हा गोठा. ही राहती खोली, ही मधली मळणीची, इथं भट्टी. पिहला म्हणायचे याला. आमचं घर."

"एंडेल बरोबर होता," मावशी म्हणाली. "मेल्यावर बरोबर ठरला, गाढव."

एंडेल तिचा थोरला भाऊ. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये तिला, भावाला, आईला आणि आजोबांना सोव्हिएत राजवटीनं हद्दपार करून सायबेरियात नेलं. आजोबा तिकडेच गेले. बाकीचे तिघं आठ वर्षांनी परतले, तेव्हा घरात सामुदायिक शेतीची वासरं बांधलेली. घर परत मिळणं शक्यच नव्हतं. पुढं चौऱ्याहत्तर साली शेतं सलग करायची म्हणून बुलडोझर आले आणि घर, गोठा, विहीर, सफरचंदाची झाडं, सगळं ढकलून पुरून टाकलं. वरून नांगर फिरला. दोनच वर्षांत भावंडांना जागाच सापडेना. हेल्यू म्हणायची, घर ओढ्याकाठी होतं. एंडेल म्हणायचा, रस्त्याच्या वळणावर. यावरून दोघांची इतकी जुंपली की एका ख्रिसमसला एंडेल ताटावरून उठून गेला आणि वर्षभर आला नाही.

"मी त्याला म्हातारचळ लागलाय म्हणाले होते," मावशी म्हणाली. "ऊठ. गाडी आहे ना तुझी?"

"आत्ता?"

"मग काय, बर्फ पडायची वाट बघू?"

वळणावर उर्वेनं गाडी उभी केली. मावशीनं रबरी बूट घातले होते आणि एका हातात काठी, दुसऱ्यात तो कागद. शेताच्या कडेला उर्वे थबकली. शेत भाड्यानं कसणारा माणूस तिच्या ओळखीचा होता.

"मावशी, गहू तुडवला जाईल."

"तुडवला जाऊ दे. माझ्या स्वयंपाकघरात उगवलाय तो."

जवळ गेल्यावर रेघा दिसेनात. उर्वेनं कागदावर वळणावरचा विजेचा खांब खूण म्हणून धरला, पावलं मोजली, दोनदा चुकली, मग एके ठिकाणी तिची टाच कठीण लागली. तिनं बुटानं माती उकरली. दगडाची कड होती. तिथून मावशी पुढं झाली. आता तिला कागद लागत नव्हता. ती डावीकडे वळली, चार पावलं गेली, थांबली.

"ते आले तेव्हा आई इथं पावाची कणीक मळत होती," ती म्हणाली. "दोन सैनिक आणि आपल्याच गावचा एक. तासभर दिला. आजोबांनी कुऱ्हाड घेतली, एंडेलनं आईचं शिवणयंत्र पाठीवर मारलं. मी आठ वर्षांची. मी काहीच घेतलं नाही. काथवटीत कणीक तशीच राहिली. ट्रकमध्ये सगळे रडत होते, आणि मला एकच काळजी, की कणीक फुगून काथवटीबाहेर येणार आणि आई मला रागावणार, लक्ष का नाही ठेवलंस म्हणून."

वारा होता, पण थंडी नव्हती. ती रडली नाही. काठीनं जमीन ठोकत ती खोल्यांमधून फिरली. मळणीच्या खोलीत गेली, गोठ्याकडे गेली, विहिरीच्या जागी उगाचच वळसा घालून गेली. उर्वेच्या खांद्याला कॅमेरा होता. तिनं तो काढला नाही.

परतताना गाडीत मावशी एवढंच म्हणाली, "खोल्या किती लहान होत्या गं."

उर्वेनं त्याच आठवड्यात तो अख्खा फोटो काउपोपुढे ठेवला.

"हा हिवाळा?" काउपो म्हणाला. "हे हिरवं आहे हो."

"हिरवंच होतं. तारीख बघ, नऊ फेब्रुवारी."

"लोक म्हणतील एप्रिल आहे."

मग उर्वेनं त्याला रेघा दाखवल्या आणि पिहलाबद्दल सांगितलं. काउपो बराच वेळ वाकून बघत राहिला. "बोलून बघतो," म्हणाला. पंचायतीत काय झालं ते उर्वेला नंतर कळलं. अध्यक्षांना फोटो अजिबात पसंत नव्हता. बर्फासाठी पर्यटक इथं येतात, त्यांना हे दाखवायचं का, असा त्यांचा सवाल होता. पण हाताशी दुसरा फोटो नव्हता आणि चोवीस तारीख थांबणार नव्हती. फोटो लागला. खाली काउपोनं 'हिवाळा, पिहलाचं शेत' असं लिहवून घेतलं.

उद्घाटनाला मावशी आली. लोक तिला हिरव्या फोटोपुढं उभं करायला लागले, तर ती म्हणाली, तो मी पाहिलाय, आणि शरदाच्या फोटोपुढं जाऊन रंग छान आलेत म्हणाली.

पुढच्या सोमवारी स्टुडिओ उघडायला उर्वे गेली तर दारात एक जोडपं उभं होतं. फोटो काढायला आलात का, तिनं विचारलं. नाही, आमचंही घर असंच पुरलंय, ते शेत बघायला याल का, ते म्हणाले. त्यांच्यानंतर आणखी दोघंजण आले. गहू उंच व्हायच्या आत जमेल तेवढं करायचं, म्हणून उर्वेनं दुकानावर 'बंद'ची पाटी लावली आणि दोन आठवडे पहाटे वेगवेगळ्या टेकड्या चढली. जोडप्याचं घर सापडलं, अगदी अंगणासकट. दुसऱ्या एकीच्या शेतात नुसती एक रेघ दिसली, ती भिंत होती की जुना पाट, हे काही ठरेना.

शेवटचा वाम्बोला नावाचा शहाऐंशी वर्षांचा गृहस्थ. त्यानं आठवणीतून घराचा नकाशा काढून आणला होता, पट्टी लावून, झाडांच्या नावांसकट. उर्वे त्याच्या शेतावर तीन पहाटा गेली. फोटो मोठे केले, उजळ केले, काळे केले. काहीच नव्हतं. सारखा, दाट, निरोगी गहू होता. तिनं त्याला स्टुडिओत बसवून सगळे फोटो एकेक करून दाखवले.

"दगडी पाया नसेल कदाचित तुमचा," ती म्हणाली. "लाकडावरच असेल उभं."

"असेल," वाम्बोला म्हणाला. "बाप कंजूषच होता."

त्यानं नकाशाची नीट घडी घातली, उर्वेशी हात मिळवला आणि जाताना विचारलं, की हे फोटो काहीच नसलेले आहेत, तरी त्यातला एक छापून मिळेल का. उर्वेनं सगळ्यात स्वच्छ आलेला निवडला आणि यंत्र सुरू केलं.