उंच बदली सेंटर

आमच्या बेटावर सहा फुटांच्या वरचे दोनच पुरुष. एक डोमेंग आणि दुसरा रुफो. डोमेंग सहा फूट एक इंच, पण अंगानं असा की दारातून येताना आडवा होतो. रुफो सहा फूट पाच इंच आणि नुसताच उंच. त्याला सगळे खांब्या म्हणतात.

डोमेंग आमचा सेंटर. बास्केटखाली पाय रोवून समोरच्याला हटवणं हे त्याचं काम. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हा नियम त्याला तेरा वर्षांत एकदाही पटलेला नाही. तिसरं क्वार्टर सरता सरता तो शिव्या देत बाकावर येऊन बसतो आणि मग टीमला बास्केटखाली कुणी उरत नाही. म्हणून दर वर्षी आमच्याकडे तोच वाद. बदली सेंटर हवा का, आणि हवा तर तो उंचच हवा का?

कोच नार्सिंगचं म्हणणं, नको. नार्सिंग एरवी वेल्डिंग करतो आणि माझ्याबरोबर शाळेत होता. त्याच्या मते पाच बुटके जीव तोडून पळाले तर उंची लागत नाही. तो स्वतः पाच फूट दोन इंच असल्यामुळे हे मत त्याला सोयीचं पडतं. माझं म्हणणं, हवाच. मी टीमची मॅनेजर, म्हणजे बनियनी धुणारी, भात शिजवणारी आणि पंचाशी भांडणारी. बास्केटबॉल मला कुणी शिकवला नाही. अकरा वर्षं बाकावर बसून जे दिसलं तेवढं मला येतं, आणि बाकावरून बरंच दिसतं.

अडचण एकच होती. रुफो होडीत बसत नाही. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप पलीकडच्या गावाला जायला निघाला आणि मधल्या पाण्यात गेला. मागून एक फळी आली, बस. तेव्हापासून रुफोनं बेट सोडलेलं नाही. सुतारकाम करतो, शिडी न लावता छपरं शाकारतो. या वर्षीचे सगळे सामने आमच्याच मैदानावर पडले म्हणून तो खेळला, आणि तो खेळला म्हणून आम्ही फायनलला पोहोचलो. फायनल मात्र तालुक्याच्या गावी, फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी, पाण्यापलीकडे.

मी तीन संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको नेलिता मला फाटकापर्यंत सोडायला आली. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानांग म्हणतात आणि पुरुषाला मानोंग.

“मानांग फेली, तुमच्या शब्दाला ते नाही म्हणणार नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून तुम्ही विचारूच नका.”

मी तर विचारून बसले होते. तो हो म्हणालाही होता.

फायनलच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही किनाऱ्यावर जमलो. ईशान्येचा वारा आठवडाभर चालू होता. होड्यांना मनाईचा फलक लावायचा असला तर तो नऊ वाजता लागतो, म्हणून आम्ही सातलाच निघायचं ठरवलं होतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला तर सामना हरल्याची नोंद होते, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

होडीवाले मानोंग इपे ओल्या वाळूत उभे राहून बोटांवर माणसं मोजत होते. “माझ्यासकट चौदा,” ते म्हणाले. “तुम्ही पंधरा करताय. या वाऱ्यात नाही.”

“खांब्याला राहू दे,” नार्सिंग लगेच म्हणाला. “सात मिनिटांच्या खेळासाठी ऐंशी किलो कशाला वाहायचे?”

“आणि डोमेंग बाहेर आला की बास्केटखाली तू उभा राहशील? माझ्या कपाटाच्या वरच्या फळीला तुझा हात लागत नाही.”

“फेली, माझी उंची काढू नकोस.”

“आहे कुठे काढायला?”

पोरं हसली. डोमेंग सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण भांडण त्याच्या फाउलांवरून सुरू झालंय हे तो नेहमीप्रमाणे विसरला होता.

रुफो माझ्या मागेच चपला हातात घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, “मानांग, मी राहतो.”

मी ते ऐकलं. आणि ऐकलं नाही असं दाखवलं. हे मला इथं लिहून टाकायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

मी म्हटलं, “मानोंग, वजनच कमी करायचंय ना? डिझेलचे ते दोन कॅन ठेवा इथे. भाताचं पातेलंही ठेवा. पलीकडे धक्क्यावरच पंप आहे, येताना भरून घेऊ.”

“टाकीत आहे तेवढं पुरतं,” मानोंग इपे म्हणाले. “वारा नसला तर.” त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग आपल्या नातवाकडे पाहिलं. नातू आमच्या टीममध्ये गार्ड खेळायचा आणि नवी बनियन घालून आधीच होडीत जाऊन बसला होता.  मग म्हाताऱ्यानं दोन्ही कॅन स्वतःच्या हातानं वाळूवर उतरवले.

बेटाचा आडोसा होता तोवर पोरं गात होती. अर्ध्या तासानं आडोसा संपला आणि पहिली लाट आडवी आली. गाणं मध्येच थांबलं. तरंगायची नारिंगी जॅकेटं सगळ्यांना होती, पण रुफोच्या जॅकेटचा पट्टा तुटलेला होता. त्यानं जॅकेटच्या दोन्ही कडा मुठीत आवळून धरल्या होत्या. होडीच्या तळाशी, दोन फळ्यांच्या मध्ये, गुडघ्यांत डोकं घालून तो बसला होता. एवढा लांब माणूस इतक्या थोड्या जागेत मावतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

आमच्याकडे वारा माणसांत मोजतात. होडीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असतात. होडी कलायला लागली की वर उठलेल्या बाजूच्या उलांडीवर माणसं जाऊन बसतात. एका माणसाचा वारा म्हणजे काही नाही. दोन माणसांचा असला तर बायका माळ जपायला लागतात. तीन माणसांच्या वाऱ्यात कुणी निघत नाही.

“दोन माणसांचा आहे,” मानोंग इपे मागून ओरडले. थोड्या वेळानं म्हणाले, “सव्वादोन.” कुणीतरी हसलं. ते हसणं मला आवडलं नाही.

मग इंजिन खोकलं. पुन्हा एकदा खोकलं आणि थांबलं. इंजिन चालू होतं तोवर आम्हाला पाण्याचा आवाज असा ऐकू आलाच नव्हता. आता सगळीकडून तोच. मानोंग इपेंनी टाकीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. भरल्या होडीनं समोरच्या वाऱ्यात दुप्पट डिझेल खाल्लं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

होडी फिरली. कूस लाटांकडे झाली आणि वाऱ्याकडची उलांडी पाण्यातून वर उठली. भिजलेली, काळी, माझ्या खांद्याच्या उंचीला. 

“दोघं उलांडीवर! पळा!”

डोमेंग आणि आणखी एक जण सरपटत गेले. उलांडी खाली आली, पण पुढच्या लाटेला परत उठली.

“अजून एक!” म्हातारा ओरडला. “लांबचा! अगदी टोकाला जाऊन पालथा पडेल असा!”

बारा माणसांनी एकदम रुफोकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग मी उठले. “मी जाते.”

“तू पंचावन्न किलोची आहेस. खाली बस, फेली!” नार्सिंग म्हणाला.

रुफोनं डोकं वर केलं. चेहरा ओल्या राखेसारखा झालेला. तो काहीतरी म्हणत होता, प्रार्थना की बापाचं नाव, वाऱ्यात कळलं नाही. मग त्यानं जॅकेट सोडून दिलं, कारण दोन्ही हात लागणार होते, आणि बांबूवरून पोटानं सरकत तो निघाला. डोमेंगच्या पुढे गेला. त्याच्याही पुढे, जिथे बांबू मनगटाएवढा बारीक होतो तिथपर्यंत. तिथे तो पालथा पडला आणि त्यानं हात आणि पाय बांबूभोवती गुंडाळले.

उलांडी खाली बसली. होडी सरळ झाली.

आणि तो पाण्याखाली गेला. लाट आली की तो पूर्ण दिसेनासा होई, गेली की वर येई, तोंड उघडून. मी मोजायला लागले. देवाचं नाव मला सुचत नव्हतं, आकडे सुचत होते. एक, दोन, तीन, आला. एक, दोन, तीन, चार, आला. एकदा मी सातपर्यंत गेले. सहा आणि सातच्या मध्ये मी नेलिताला काय सांगायचं ते वाक्य मनात जुळवलं. पूर्ण वाक्य, कर्त्या-क्रियापदासकट. त्याची मला अजून शरम वाटते.

नार्सिंगनं माझा हात धरला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.  ‘मी सांगत होतो’ असं तो म्हणाला नाही.

पाऊण तासानं जाळ्यांची एक मोठी होडी आम्हाला दिसली, त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला आम्ही दिसलो. दोर टाकून त्यांनी आम्हाला ओढायला घेतलं. त्यांच्यातला एक जण उलांडीकडे बघून ओरडला, “अरे, तो बांबू कुठला आणि माणूस कुठला?” कुणीच हसलं नाही. मग डोमेंग हसला आणि हसता हसता रडायला लागला.

रुफोची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मी सोडवली. “सोड, झालं आता,” मी म्हणत होते, आणि तो मान हलवत होता, पण बोटं त्याचं ऐकत नव्हती.

धक्क्यावर उतरलो तेव्हा सामन्याला वीस मिनिटं होती. नको खेळूया, असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे कुणी म्हणतच नाही. ओल्या बुटांतच पोरं मैदानावर गेली. मी रुफोला बाकाच्या टोकाला बसवलं, दोन टॉवेल आणि नार्सिंगचं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं. गरम कॉफीचा कप दिला, तो त्याला धरवेना, म्हणून मीच धरून पाजली. मैदानावर पत्र्याचं छप्पर होतं, भिंती नव्हत्या. वारा छपराला धरून हलवत होता आणि प्रत्येक वेळी पत्रा वाजला की रुफो दचकत होता.

डोमेंग तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर आला. पाचवा फाउल. या खेपेला त्यानं पंचाला शिवीसुद्धा दिली नाही. आम्ही सहा गुणांनी मागे होतो.

नार्सिंगनं वळून पाहिलं. रुफो टॉवेल बाजूला ठेवून उठायला लागला. उठताना त्यानं एका हातानं बाक धरून ठेवला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बस खाली. नार्सिंग, हा जाणार नाही.”

“उंच माणूस हवा म्हणून तूच भांडलीस ना?”

“भांडले. आता याच्यासाठी भांडते. कुणालाही घाल. तू जा हवं तर.”

“मानांग,” रुफो म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा दुसरा शब्द. “मला जाऊ द्या. इथे बसलं की पाणीच दिसतं. आत निदान बॉल दिसेल.”

मी बाजूला झाले.

तो आत गेला तसा माईकवाला चेकाळला. “नंबर बारा, रुफो दे ला पेन्या! मंडळी, हा अजून पूर्ण उभा राहायचाय बरं का!” लोक हसले. त्याच वेळी माझ्या पिशवीतला फोन वाजला. नेलिता. पाण्यावर रेंज नसते, तिनं सकाळपासून चौदा वेळा लावला होता.

“मानांग, पोहोचलात?”

“पोहोचलो.”

“इथे फलक लागलाय. लोक म्हणतायत तीन माणसांचा वारा.”

जुळवलेलं वाक्य आता लागणार नव्हतं, आणि दुसरं कुठलं तयार नव्हतं. “तीन माणसांचाच होता,” मी म्हटलं. “डिझेल संपलं. कॅन मी उतरवायला लावले होते. तिसरा माणूस रुफो होता. तो सकाळी राहतो म्हणाला होता, नेलिता. मी ऐकलं होतं.”

 मग तिनं विचारलं, “कुठे आहेत ते?”

“मैदानात.”

“धावतायत?”

“धावतोय. नीट नाही, पण धावतोय.”

“मग तुम्ही बोलू नका. फोन तिकडे धरा.”

मी हात लांब करून फोन मैदानाकडे धरला. बूट करकरत होते, माईकवाला ओरडत होता, पत्रा धडधडत होता. मध्ये काहीतरी जोरात आपटलं आणि फोनमधून बारीक आवाज आला, “ते काय पडलं?”

“दुसरा कोणी पडला. तो नाही.”

पुन्हा हात लांब केला. “ती शिट्टी कसली?” “फाउल. त्याचा नाही.” असं चाललं होतं. रुफोनं एक बॉल अडवला, दोन सोडले. आम्ही अजून चार गुणांनी मागे होतो आणि मला ते मोजायचं भान नव्हतं.

“मानांग, परत कधी येणार?”

मी छपराच्या कडेपलीकडे पाहिलं. माडांचे शेंडे एकाच बाजूला वाकलेले होते.

“वारा पडला की. बाकीचे केव्हाही येवोत, मी त्याच्याबरोबर थांबते. आठ दिवस लागले तरी.”

 तिनं फोन ठेवला नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी फोन पुन्हा मैदानाकडे धरला. माझा हात खांद्यापासून भरून आला होता, पण तो मी खाली घेतला नाही.