हिरामणचा आवाज झालेलं गाठोडं

मी एक जुनं पॅकेज आहे. मित्रांनो, मला हातात धरता येत नाही. प्रोग्राम लिहिणारी माणसं एकदा जमलेलं काम गाठोड्यासारखं बांधून ठेवतात. ज्याला लागेल तो ते आपल्या प्रोग्रामला जोडतो. लिहिलेली मराठी सावकाश, मोठ्याने वाचायची, एवढंच माझं काम.

गंगापूर रोडवरच्या आपल्या घरी मोहिनीने मला आणलं ते मावशीसाठी. कुसामावशी हरसूलहून तिच्याकडे राहायला आली, तेव्हा तिची नजर पार गेली होती. गावी शेती बघणारा तिचा मुलगा हिरामण जन्मापासून मुका. तो मोबाइलवर लिहून पाठवायचा आणि मी वाचून दाखवत असे. पहिल्यांदा ऐकून मावशी म्हणाली, "असा हाय व्हय माझ्या हिऱ्याचा आवाज."

मोहिनी आणि तिचे सहकारी ज्यावर प्रोग्राम लिहायचे, त्या घरच्या संगणकावर सगळ्या प्रोग्रामांना मिळून पॅकेजांचा एकच साठा होता. जागा वाचे, सुधारणा सगळ्यांना एकदम मिळे. एकदा मोहिनीचा सहकारी ललित याने नव्या कामासाठी माझी नवी आवृत्ती आणली आणि मी पुसले गेले. नवीला काम सांगायची रीत वेगळी, ती जुन्या प्रोग्रामांना कळेना. मावशीसाठी वाचणारा मोहिनीचा प्रोग्राम गप्प झाला.

"हिऱ्या आज बोलत नाय गं?"

"लिहिलंय त्याने, मावशी. मी वाचते ना."

"तू वाचलंस की ते तुझं बोलणं, पोरी."

ललित ओशाळला. त्याने इंटरनेटवर शोधलं, पण तिथल्या भांडारातूनही मला काढून टाकलं होतं.

त्यांच्याबरोबर काम करणारी पूजा मात्र प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या पॅकेजांचा वेगळा डबा करायची. बाहेर काही बदललं तरी आतलं तसंच राही. "तुझ्या घरात सतरा चुली," म्हणून ललित तिला चिडवायचा. तिच्या एका जुन्या डब्यात मी शाबूत होते.

"विस्तव मागायला आलोय," ललित म्हणाला.

"ये. सतरातली कुठली चूल हवी?" पूजा म्हणाली.

त्या संध्याकाळी मोहिनीच्या प्रोग्रामला पुन्हा जोडल्यावर मी वाचलं, "आई, नागलीची भाकर केली. चिरली."

मावशी माझ्या दिशेने वळून हसली. "पाणी कढत घेतलं नसशील, रं."

आता मोहिनीच्या प्रोग्रामलाही स्वतःचा डबा आहे. ललितचं काम नव्या आवृत्तीवर छान चालतं. डब्यातलंही विसरून चालत नाही. आतल्या चुका आपोआप सुधारत नाहीत. म्हणून मोहिनी मधूनमधून मला उघडून डागडुजी करते.

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त जुनं पुसण्याआधी, त्याच्यापाशी कोण कान लावून बसलंय, एवढं बघा.